सातव्या बोअरची पेटी

१

पेटी तीच होती. टोकाला ठोकलेला पत्र्याचा बिल्ला तोच, बिल्ल्यावर कोरलेला बोअरचा आकडा, सात, तोच. झाकणाची एक बिजागरी मोडकी होती, तीही तशीच मोडकी. आतला दगड मात्र तो नव्हता.

नाहीबाईंनी झाकण लावलं आणि पुन्हा उघडलं. असं केल्यानं दगड बदलत नाही हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं, पण माणूस करतो.

नाहीबाई हे त्यांचं खरं नाव अर्थातच नव्हतं. खाणीला जमीन द्यावी की नाही, दिली तर भोवतालच्या पाण्याचं, रानाचं, शेतांचं काय होईल, याचा आढावा घेऊन शेरा लिहिणं हे त्यांचं काम. आजवर त्यांनी इतक्या अर्जांवर ‘नाही’ लिहिलं होतं, की कंपन्यांच्या लोकांनी वैतागून हे नाव पाडलं. बाईंना त्याचं वाईट वाटलं नाही. उलट फोन उचलून त्या स्वतःच सांगायच्या, “नाहीबाई बोलतेय, काय हवंय?”

या वेळचा अर्ज डोंगराचा होता. कंपनीनं डोंगरात जागोजाग बोअर मारले होते. पोकळ नळी फिरवत खाली नेली की जमिनीचा एक उभा तुकडा तिच्यात अडकून वर येतो: मनगटाएवढ्या जाडीच्या गोल, लांबट कांड्या. त्या क्रमानं पेटीत मांडल्या की डोंगर न फोडता त्याच्या पोटात काय आहे ते दिसतं.

प्रश्न एकच होता. खाणीचा खड्डा आणि डोंगरपायथ्याचा झरा यांच्या मधे चिकणमातीचा सलग थर आहे की नाही? थर सलग असेल तर खड्ड्यातून कितीही पाणी उपसा, झऱ्याला धक्का नाही. थर फाटका असेल तर झऱ्याचं पाणी खड्ड्यात उतरणार आणि खालची वस्ती कोरडी पडणार. वस्तीला दुसरं पाणी नव्हतं.

मागच्या महिन्यात बाईंनी ही पेटी स्वतःच्या हातानं धुतली होती. वरचा चिखल गेल्यावर खाली निघाला भेगाळलेला दगड, आणि प्रत्येक भेगेला गंजाचा तांबूस रंग. पाणी वाहत असल्याशिवाय तो रंग येत नाही. बाईंनी शेरा लिहिला: थर फाटका आहे, परवाना देऊ नये. दोन दिवसांपूर्वी त्यांनी पेटी पुन्हा उघडून पाहिली, तेव्हाही आत तोच दगड होता.

आणि आज, उद्याच्या जनसुनावणीसाठी खात्याच्या शेडमध्ये पेटी बाहेर काढली, तर आत करड्या चिकणमातीच्या गुळगुळीत कांड्या. भेग नाही, गंज नाही, काही नाही.

“आमच्या अहवालात पहिल्यापासून हेच लिहिलंय की,” कंपनीचे डॉक्टर म्हणाले. हे डॉक्टर माणसांचे नव्हेत, भूशास्त्राचे. कंपनीचा अहवाल त्यांनी लिहिला होता. “चिकणमाती. सलग. बाईंनीच काहीतरी भलतं पाहिलं असेल.”

“मी फोटो काढलेत,” बाई म्हणाल्या.

“बघितले ते. दगड दिसतात, भेगा दिसतात. बिल्ला कुठे दिसतो? ते दगड याच पेटीतले कशावरून?”

बाईंच्या कानाची पाळी तापली. बिल्ला खरंच आला नव्हता. गंज नीट यावा म्हणून त्यांनी कॅमेरा अगदी जवळ नेला होता.

मागे साहेब उभे होते. साहेब म्हणजे खात्याचे प्रमुख. बाईंना या कामात आणणारे, दगड हातात कसा धरायचा इथपासून शिकवणारे. ते हळू आवाजात म्हणाले, “पेटी दोन दिवसांपूर्वी बंद होती, आज बंद होती. कुलूप शाबूत आहे. उद्या सुनावणीच्या अध्यक्षबाई येऊन हेच बघणार. तुमचा शेरा एक सांगतो, पेटी दुसरंच सांगते. आज संध्याकाळपर्यंत शेरा बदलून द्या.”

“आणि नाही दिला तर?”

“तर रजेवर जा. मी दुसऱ्या कुणाची सही घेईन.” मग ते शेडच्या राखणदाराकडे वळले. त्याला सगळे मामा म्हणत. “मामा, किल्ली तुमच्या कमरेला असते. खरं काय ते कळेपर्यंत उद्यापासून तुम्ही येऊ नका.”

मामांचा चेहरा पडला. ते काही बोलायच्या आत बाईंनी पेटीचं झाकण धाडकन लावलं.

“नाही,” बाई म्हणाल्या. “शेरा बदलणार नाही. कुणीतरी पेटी बदललीय, आणि ते कोण हे मी उद्यापर्यंत सांगते.”

२

फुशारकी मारून झाली होती. आता ती निभवायची होती.

शेडची दुसरी किल्ली कचेरीत, व्हरांड्यातल्या फळीवर खिळ्याला लटकायची. ती कोण घेतं याची कुणी नोंद ठेवत नसे. गेल्या दोन दिवसांत कामासाठी शेडकडे फिरकलेली माणसं मामांनी बोटांवर मोजली: फोटो काढायला आलेले डॉक्टर, रिकाम्या पेट्या आणून टाकणारा बोअरचा मिस्त्री, आणि येता-जाता डोकावणारे साहेब. मामा स्वतः चौथे.

“मला धरायचं तर धरा,” मामा म्हणाले. “पण मी पेट्या उचलतो, बाई. आत काय आहे ते मला सगळं सारखंच दिसतं. दगड म्हणजे दगड.”

“तुम्ही जेवायला कधी जाता?”

“दुपारी. कुलूप लावून. सगळ्या गावाला ठाऊक आहे.”

बाई आधी साहेबांना शोधत गेल्या. साहेब सुनावणीच्या सभागृहात होते, शर्टाच्या बाह्या वर करून, हातात आकडे लिहिलेल्या चिकट चिठ्ठ्या. ज्यांना बोलायचं त्यांना नंबर दिलेले होते आणि प्रत्येक नंबरला खुर्ची. निवृत्तीला आलेला एवढा मोठा अधिकारी खुर्च्यांना चिठ्ठ्या लावतोय हे पाहून दुसऱ्या कुणाला हसू आलं असतं. पण साहेब असेच होते. दुसऱ्याच्या हातच्या कामावर त्यांचा विश्वास नव्हता.

त्यांनी पहिली ओळ डावीकडून उजवीकडे लावली. बारा नंबरला ओळ संपली. मग ते तिथल्या तिथे वळले आणि तेरा नंबर बाराच्या थेट मागच्या खुर्चीला डकवून उलटे डावीकडे चालू लागले.

“साहेब, लोकांचा घोटाळा होईल,” सभागृहाचा शिपाई कुरकुरला.

“माणूस चालतो तसे आकडे चालतात. परत त्या टोकाला कशाला जायचं? पायांना काही कमी काम आहे का?” साहेब हसले. बाईंना पाहून हसू मावळलं. “शेरा आणलात?”

“प्रश्न आणलेत. व्हरांड्यातली किल्ली तुम्ही घेतली होती?”

“घेतली असेल. मी दर आठवड्याला शेडमध्ये जातो, तुम्हाला माहीत आहे.” ते भिंतीकडे वळले. भिंतीवर काचेत एक मोठा, पिवळट पडलेला नकाशा होता: सगळं खोरं, आणि त्याच्याखाली या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत पसरलेला करडा पट्टा. खाली कोपऱ्यात साहेबांची तरुणपणीची सही. खोऱ्यातली प्रत्येक विहीर, प्रत्येक रस्ता, प्रत्येक परवाना याच नकाशावर बेतला होता. “बाई, मी तुम्हाला पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं?”

“दगड फेकायचा नसतो. तो आपल्या विरुद्ध बोलला तरी फेकायचा नाही.”

“मग पेटीतला दगड बोलतोय. ऐका त्याचं.”

 बाई दारापर्यंत गेल्या आणि थबकल्या. साहेब म्हणतात तेच करायचं होतं की! दगडाचं ऐकायचं. आतापर्यंत त्यांनी पेटीकडे नुसतं रागानं पाहिलं होतं.

३

“मामा, धरा इकडे.”

पेटी टेबलावर, वर दिवा. पाच ओळी, प्रत्येक ओळीत करड्या कांड्या एकीला एक लागून. बाईंनी एक उचलली. शेवटाला तुटलेलं टोक खडबडीत, उंचसखल. त्याच्या पुढच्या कांडीचं टोक त्याला लावलं. खटकन बसलं.

“बिस्कीट मोडल्यावर जुळतं तसं,” मामा म्हणाले.

“अगदी तसंच. जमिनीत ही सगळी एकच कांडी होती. वर येताना मोडली. म्हणून प्रत्येक तुकडा फक्त आपल्या शेजाऱ्यालाच जुळतो.” बाई एकेक टोक जुळवत पहिल्या ओळीच्या शेवटी आल्या. सगळं जुळत होतं. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. हे काम ज्यानं केलं त्यानं वाटेल तशी माती कोंबलेली नव्हती. प्रत्येक तुकडा क्रमानं, वरचा वर, खालचा खाली. चोरी करतानाही हात नीटनेटका.

पेटी पुस्तकासारखी वाचतात. पहिली ओळ डावीकडून उजवीकडे, मग दुसरी पुन्हा डावीकडून. म्हणजे पहिल्या ओळीची शेवटची कांडी दुसऱ्या ओळीच्या डाव्या टोकाच्या कांडीला जुळायला हवी.

बाईंनी लावून पाहिली. जुळली नाही.

फिरवून पाहिली. नाहीच.

“चुकला म्हणायचा,” मामा पुटपुटले.

“थांबा.” बाईंनी ती कांडी उचलून दुसऱ्या ओळीच्या उजव्या टोकाशी नेली, म्हणजे जिथून उचलली त्याच्याच खाली. खटकन बसली. मग त्या दुसऱ्या ओळीतून उलट्या, उजवीकडून डावीकडे जुळवत गेल्या. प्रत्येक टोक बसलं. डाव्या टोकाला पोचल्यावर तिसरी ओळ तिथूनच सुरू झाली.

“मामा, ही पेटी वळत वळत भरलीय. नांगर फिरतो तशी.”

“म्हणजे?”

“म्हणजे भरणारा चुकला नाही. त्याला अशीच भरायची सवय आहे.” बाईंनी हातातली कांडी खाली ठेवली. “या खोऱ्यात आज अशी पेटी कोण भरतं?”

४

मिस्त्रीचं आवार गावाबाहेर होतं. ग्रीसनं माखलेली यंत्रं, रचून ठेवलेल्या नळ्या आणि मधोमध बादलीवर बसून चहा पिणारा मिस्त्री. सगळे बोअर त्याच्याच टोळीनं मारले होते. प्रश्न ऐकून तो भडकलाच.

“वळवून? माझ्या पोरांनी अशी पेटी भरली तर त्यांना तिथल्या तिथे घरी धाडीन मी! डावीकडून उजवीकडे, परत डावीकडून. दुसरी भाषाच नाही आमच्याकडे.”

“कुणाकडे आहे?”

“पूर्वी होती म्हणतात. जुन्या सरकारी शिबिरांत. तंबू टाकून राहायचे तेव्हा. माझा बाप सांगायचा.” त्यानं चहा संपवला आणि इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. “बाई, एक सांगू? कंपनीचं काम करतो मी, पोट आहे मागं. पण सातव्या बोअरला त्या खोलीवर माझं पाणी पळालं होतं.”

“पळालं म्हणजे?”

“नळी थंड राहावी म्हणून वरनं पाणी सोडतो ना, ते परत वर यायला पाहिजे. तिथं आलंच नाही. टँकर रिता झाला, डोंगर पीतच राहिला. चिकणमाती असं पाणी पिते का कधी?”

“हे उद्या सगळ्यांसमोर सांगाल?”

मिस्त्री रिकाम्या कपात बघत राहिला. “बघू,” म्हणाला.

डॉक्टर विश्रामगृहाच्या गच्चीवर सापडले. पांढरा सदरा, पॉलिश केलेले बूट. बाईंनी पिशवीतून चिकणमातीच्या दोन कांड्या काढून त्यांच्यापुढे धरल्या. “जरा जुळवून दाखवता?”

डॉक्टरांनी एक कांडी दोन बोटांत धरली, दुसरीला कशीतरी टेकवली, ती उलटी आहे हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. बोटाला लागलेली माती त्यांनी रुमालानं पुसली. “मी दगड वाचतो, बाई. उचलायला माणसं असतात.”

“कोणती माणसं?”

“तुमच्यावर वेळ काय आलीय आणि तुम्ही मला परीक्षेला बसवताय?” ते हसले. “शेरा बदला. झरा काय, पाइपानं पाणी देऊ आम्ही त्यांना.”

“कुठलं पाणी? कुणाचं?” बाईंचा आवाज चढला. “दुसऱ्या कुणाचा झरा तोडून यांना देणार?”

डॉक्टरांनी हात झटकले. बाईंनी कांड्या परत घेतल्या. हा माणूस खोटा अहवाल लिहू शकेल, पण पेटी भरू शकणार नाही, एवढं पक्कं झालं. मामांना दगड म्हणजे दगड. मिस्त्रीच्या हाताला वळण दुसरं. तिघे गळले.

घरी बाई ताटातला भात नुसता चिवडत होत्या. आईनं वाढता वाढता विचारलं, “सही मागतायत ना?”

“हो.”

“करणार आहेस?”

“नाही.”

“मग झालं. नोकरी गेली तर गेली, मी शिवणाचं मशीन पुन्हा काढीन. पण तोंड पाडून जेवायचं नाही माझ्या घरात.”

बाईंना हसू फुटलं, आणि लगेच रडूही. कारण चौथं नाव त्यांना केव्हाच कळलं होतं. दुपारी, त्या पेटीवर वाकल्या होत्या तेव्हाच कळलं होतं. ते तोंडावर आणायची हिंमत नव्हती, इतकंच.

५

सकाळी उजाडताच बाई आणि मामा शेडमध्ये शिरले. किल्ली अजून मामांच्या कमरेला होती. साहेबांकडून ती मागायची राहिली होती, किंवा त्यांना मागवली नसेल.

“चिकणमातीच्या इतक्या कांड्या कुणी घरी ठेवत नाही,” बाई म्हणाल्या. “इथल्याच कुठल्यातरी पेटीतून आल्या. कंपनीच्या बाकीच्या पेट्या मी काल मोजल्या, सगळ्या जशाच्या तशा आहेत. मग उरलं काय?”

मामांनी शेडच्या पार मागच्या भिंतीकडे पाहिलं. तिथल्या मांडणीवर जुन्या लाकडी पेट्या होत्या, लांबलचक, तीन-तीन ओळींच्या. त्यांना कित्येक वर्षांत कुणी हात लावला नव्हता. जुन्या सरकारी शिबिरातल्या पेट्या. ज्या शिबिरानं तो भिंतीवरचा नकाशा काढला, त्याच.

पहिली उघडली. चिकणमाती, सुकून टणक झालेली. बाईंनी टोकं जुळवली. वळत वळत.

दुसरी, तिसरी. सगळ्या वळत वळत.

“म्हणजे शिबिराची रीतच ती,” मामा म्हणाले. “पण मग आपल्या पेटीतली माती जशी होती तशीच उचलून ठेवली असेल त्यानं.”

“ही पेटी तीन ओळींची, ती पाच ओळींची. उचलून जशीच्या तशी बसत नाही, मामा. एकेक कांडी काढून नव्यानं मांडावी लागते. मांडताना ओळ संपली की हात ठरवतो कुठे वळायचं.”

मांडणीच्या खालच्या फळीवर एका पेटीच्या झाकणावर धूळ नव्हती. नीट पुसलेली, शेजारच्या पेट्यांपेक्षा कितीतरी स्वच्छ. मामांनी ती ओढली आणि त्यांच्या तोंडून “अरे देवा” निघालं. जड होती. मातीपेक्षा कितीतरी जड.

बाईंनी झाकण उचललं. आत भेगाळलेला दगड. प्रत्येक भेगेला गंजाचा तांबूस रंग.

त्या खाली जमिनीवरच बसल्या. “फेकले का नाहीत त्यांनी?” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “दरीत टाकले असते तर कुणाला कळलं असतं?”

बाहेर गाडीचा आवाज आला. अध्यक्षबाई पोचल्या होत्या.

“मामा, शिपायाला घेऊन ही पेटी सभागृहाच्या दाराबाहेर न्या आणि तिच्यावर बसून राहा,” बाई उठत म्हणाल्या. “मी बोलवीपर्यंत कुणी उठवलं तरी उठायचं नाही. साहेबांनी उठवलं तरी.”

६

सभागृहात गोंधळ माजला होता. वस्तीची माणसं हातात नंबर घेऊन आपापली खुर्ची शोधत एकमेकांच्या पायांवर पाय देत होती.

“माझा तेरा,” झऱ्यावरची आजी ओरडत होती. वस्तीच्या वतीनं तीच बोलणार होती. “पहिल्या ओळीत बारा संपले, मागच्या ओळीत पहिली खुर्ची माझी नको का? तिथं चोवीस लिहिलंय! कुणी लावलं हे?”

“मी लावलं, आजी,” साहेब व्यासपीठावरून हसून म्हणाले. “बाराच्या मागे बघा.”

आजी बडबडत बाराच्या मागे जाऊन बसली.

अध्यक्षबाई निवृत्त न्यायाधीश होत्या. नेमक्या बोलायच्या, आणि दुसऱ्यानंही नेमकं बोलावं अशी त्यांची अपेक्षा. सातव्या बोअरची पेटी टेबलावर आली, झाकण उघडलं, डॉक्टरांनी दोन वाक्यांत करडी चिकणमाती सगळ्यांना दाखवली आणि खाली बसले. त्यांना आणखी बोलायची गरज नव्हती.

“आढावा अधिकारी,” अध्यक्षबाई म्हणाल्या, “तुमच्या शेऱ्यात भेगाळलेला दगड लिहिलाय. तो बदलायचा आहे का?”

“नाही.”

वस्तीच्या बाजूनं कुणीतरी टाळी वाजवली. अध्यक्षबाईंनी त्या बाजूला एकदाच पाहिलं, टाळी थांबली.

“ही माती या पेटीत कुणीतरी नंतर भरली आहे,” बाई म्हणाल्या. “आजी, जरा पुढे या. तुमची मदत हवी.”

आजी तयारच होती. बाईंनी तिच्या हातात पहिल्या ओळीची शेवटची कांडी दिली. “हिची जोडी शोधा. दुसऱ्या ओळीत असेल.”

आजीनं डाव्या टोकाला लावून पाहिली, मान हलवली. मग एकेक करत ती सरकत गेली आणि उजव्या टोकाला टोक बसलं. पुढची जोडी त्याच्या डावीकडे, तिच्या पुढची आणखी डावीकडे. आजीचे हात थांबले.

“अगं बाई,” ती मोठ्यानं म्हणाली, “ही तर आमच्या खुर्च्यांसारखी लावलीय!”

सगळं सभागृह हसलं. मग एकेक करून हसू विझत गेलं, कारण खुर्च्या कुणी लावल्या हे सगळ्यांनी आत्ताच ऐकलं होतं. माना व्यासपीठाकडे वळल्या.

साहेब खुर्चीत ताठ बसले होते. “एवढ्यावरून?” ते म्हणाले. आवाज मात्र नेहमीचा नव्हता.

“नाही, साहेब. एवढ्यावरून नाही.” बाई सभागृहाकडे वळल्या. “पेट्या वळवून भरण्याची रीत फक्त जुन्या शिबिराची. त्या शिबिरातलं आज खात्यात एकच माणूस आहे. डॉक्टरांना कांडीची वरची बाजू कळत नाही. मिस्त्री पुस्तकासारखी पेटी भरतात. मामांना दगड वाचता येत नाही, आणि ही माती क्रमानं लावलीय, नीट वाचून लावलीय. आणि दगड कुठे गेले तेही सापडलंय. मामा!”

दार उघडलं. मामा आणि शिपाई लांब लाकडी पेटी दोन्हीकडून धरून आत आले. अध्यक्षबाई उठून पेटीशी गेल्या. भेगाळलेल्या दगडाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग बाईंचे फोटो मागवून एकेक भेग ताडून पाहिली. फोटोतल्या एका कांडीला तिरपी, फाट्यासारखी भेग होती. पेटीतल्या कांडीलाही तीच होती.

मागून कुणीतरी उठलं. मिस्त्री. टोपी हातात चुरगळत. “मला नंबर नाही,” तो म्हणाला, “पण सातव्या बोअरला माझं सगळं पाणी त्या भेगांत गेलं. सांगायचं राहिलं होतं.”

डॉक्टर काही तरी म्हणायला उठले. कुणी ऐकून घेतलं नाही, तेव्हा बसले.

“साहेब,” अध्यक्षबाई म्हणाल्या, “कंपनीनं सांगितलं होतं का?”

“कंपनी!” साहेबांनी असं काही म्हटलं, की तो शब्द थुंकल्यासारखा वाटला. “कंपनीला काय कळतं? तो थर मी शोधला. चिखलात, तंबूत राहून. भिंतीवर आहे बघा. सगळं खोरं त्या नकाशावर उभं आहे. एका बोअरनं तो खोटा ठरवायचा? माझ्या निवृत्तीच्या तोंडावर?”

“नकाशा तुमचा आहे,” नाहीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मागच्या ओळीपर्यंत पोचला. “झरा यांचा आहे. तुमची सही जपायला यांचं पाणी देता येणार नाही, साहेब. तुम्हीच शिकवलेलं मी तुमच्यासमोर म्हणतेय. तो आपल्या विरुद्ध बोलला तरी.”

“म्हणून तर फेकले नाहीत,” साहेब पुटपुटले. “हात धजला नाही.”

अध्यक्षबाईंनी निर्णयाला वेळ घेतला नाही. आढाव्यातला शेरा कायम, परवाना नामंजूर, पेटीची चौकशी वेगळी होईल. डॉक्टर म्हणाले की आम्ही वर दाद मागू. “मागा,” नाहीबाई म्हणाल्या. “दगड इथेच आहेत.”

मग मूळ कांड्या सगळ्यांदेखत पुन्हा सातव्या पेटीत मांडायच्या ठरल्या. साहेब जागेवरून उठले. एकाएकी फार म्हातारे दिसत होते. “मी मांडतो,” ते म्हणाले. “मला त्यांचा क्रम ठाऊक आहे.”

हा शेरा सोडला, तर आजवर त्यांनी काही मागितलं आणि बाईंनी ते दिलं नाही असं झालं नव्हतं. 

“नाही,” त्या म्हणाल्या.

साहेब खाली बसले. नाहीबाईंनी बाह्या वर केल्या आणि कांड्या मांडायला घेतल्या. आजी एकेक उचलून देत होती. पहिली ओळ डावीकडून उजवीकडे, ओळ संपली की पुन्हा डावीकडून. शेवटची कांडी देताना आजीनं तांबूस भेगेवरून अंगठा फिरवला.

“हे कशाचं गं?”

“तुमच्या झऱ्याचं, आजी. इथनंच येतो तो.”

आजीनं कांडी दोन्ही हातांत धरून थोडा वेळ ठेवली, मग जपून बाईंच्या हातात दिली. बाईंनी ती पाचव्या ओळीच्या शेवटी बसवली आणि झाकण लावलं.